आधीपासून जमीन कसणाऱ्यांचे काय झाले?

‘कसेल त्याची जमीन’ हे तत्त्व मला मनापासून मान्य आहे आणि म्हणूनच अमेरिकेच्या होमस्टेड कायद्याचे सरसकट कौतुक वाचले की अस्वस्थ वाटते. २० मे १८६२ रोजी अध्यक्ष लिंकन यांनी या कायद्यावर सही केली. एकवीस वर्षे पूर्ण झालेल्या नागरिकाने, किंवा नागरिक होण्याचा इरादा जाहीर केलेल्या परदेशी माणसाने, किरकोळ शुल्क भरून १६० एकरांपर्यंत सरकारी जमिनीवर हक्क नोंदवायचा, तिथे घर बांधून पाच वर्षे जमीन कसायची आणि दोन साक्षीदार उभे करून मालकीची सनद घ्यायची, असा तो व्यवहार होता. अविवाहित स्त्रिया आणि विधवा यांनाही स्वतःच्या नावावर जमीन घेता येई, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती.

त्या माणसांच्या कष्टांविषयी माझ्या मनात आदरच आहे. नेब्रास्का आणि कॅन्ससच्या माळावर लाकूड दुर्मीळ, त्यामुळे गवताच्या मुळांसकट मातीचे पट्टे नांगराने कापून, विटांसारखे रचून घरे उभी केली जात. पाऊस उघडल्यावरही छत गळत राही. अनेकांना पाच वर्षे निभावली नाहीत आणि ते हक्क सोडून गेले.

पण ती जमीन ‘सरकारी’ झाली कशी, हा प्रश्न टाळता येत नाही. कायदा १ जानेवारी १८६३ पासून अमलात आला. त्याच्या सहाच दिवस आधी मिनेसोटातील मॅन्केटो येथे डकोटा या मूलनिवासी जमातीच्या ३८ पुरुषांना एकाच वेळी फाशी देण्यात आली होती. जमिनी सोडण्याच्या बदल्यात सरकारशी झालेल्या कराराने ठरलेले पैसे वेळेवर न मिळाल्यामुळे उपासमार झालेल्या लोकांनी केलेल्या उठावाचा तो शेवट होता. पुढच्याच वर्षी संसदेने डकोटांबरोबरचे करार रद्द केले आणि त्यांना मिनेसोटातून हद्दपार केले.

दक्षिणेतील मुक्त झालेल्या गुलामांची गोष्ट वेगळी, पण वेदना तीच. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याची शेती पिकवणाऱ्या या लोकांना डोळ्यांसमोर ठेवून १८६६ मध्ये पाच राज्यांसाठी स्वतंत्र कायदा झाला. मात्र बी-बियाणे, अवजारे, बैल यांसाठी पैसा कोणाकडेच नव्हता, चांगल्या जमिनी आधीच गेलेल्या होत्या आणि दहा वर्षांत तो कायदाच रद्द झाला. होमस्टेड कायद्याखाली एकूण सुमारे २७ कोटी एकर जमीन वाटली गेली, त्यात यांचा वाटा अगदी थोडा.

मला सर्वांत अधिक सलते ती पॉनी जमातीची हकिकत. नेब्रास्कातील नद्यांच्या काठी हे लोक मका, घेवडा आणि भोपळा पिकवत होते, म्हणजे कोणत्याही अर्थाने ते कसणारेच होते. १८७० च्या दशकात त्यांना आजच्या ओक्लाहोमात हलवण्यात आले. तिथे त्यांची जमीन माणशी तुकड्यांत वाटून उरलेली ‘जादा’ ठरवली गेली आणि १८९३ मध्ये तीही नव्या वसाहतकऱ्यांसाठी खुली करण्यात आली.