रात्री काय, साधी पालेभाजीच!

डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "रात्री हलकं जेवत जा. दोन भाकरी, एखादी साधी पालेभाजी, बस." या माणसाने जन्मात कधी पालेभाजी निवडली नसावी. निवडली असती, तर 'बस' म्हणायला जीभ धजली नसती.

त्यातून आम्ही पडलो अमळनेरचे. आज जिला विप्रो म्हणतात ती कंपनी 1945 साली आमच्याच गावात निघाली आणि तिने सुरुवात केली ती वनस्पती तुपापासून. अशा गावच्या माणसाला चमचाभर तेलात भागवायला सांगायचं म्हणजे गंमत आहे. आमच्याकडे भाजीवर तर्री दिसली नाही, तर पाहुणा हळूच विचारतो, "घरी सगळं बरं आहे ना?" खान्देशात मान शेवभाजीला, मान भरिताला. जळगावच्या भरिताच्या वांग्याला तर 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळालं. थंडी पडली की वावरात कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटतात, वांगी भाजली जातात, गावोगाव भरीत पार्ट्या झडतात. "रविवारी मळ्यात पोकळ्याच्या पालेभाजीची पार्टी आहे, सहकुटुंब या" असा फोन कुणाला आल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

बायकोच्या ऑफिसात ऑडिट होतं. आईचे गुडघे उभं राहू देत नाहीत. जीभ मात्र ठणठणीत आहे. तेव्हा भाजी माझ्या गळ्यात पडली.

बाजारात एक मावशी पोकळ्याच्या जुड्यांवर पाणी शिंपडत बसल्या होत्या. "ल्या दादा, वावरनी ताजी शे." दोन जुड्या घेतल्या. स्कूटरला लटकवल्यावर हँडल वळेना, इतकी हिरवळ. रस्त्यात ओळखीचे दोघे भेटले, दोघांनीही घरी काय कार्यक्रम आहे म्हणून चौकशी केली. घरी आईसमोर पिशवी उपडी केली. तिने मालिकेवरची नजर क्षणभर काढून ढिगाकडे पाहिलं. "इतलीमा काय व्हई?"

मी मनात म्हटलं, वयोमान.

पोकळा निवडणं हे एकट्याने करायचं काम नाही. पूर्वी ओट्यावर चार बाया बसून करायच्या. भाजी निवडून व्हायची आणि गल्लीतल्या निम्म्या सोयरिकीही तिथेच जुळायच्या नाहीतर मोडायच्या. मला सोबतीला मालिकेतली सासू. पान खुडायचं, कोवळा दांडा नख लावून मोडून बघायचा; कट्कन मोडला तर घ्यायचा, दोरा निघाला तर टाकायचा. मधेच एखादी अळी, तिला सन्मानाने बाहेर. तासाभराने अंगठ्याचं नख हिरवंकाळं झालं आणि एक जुडी संपली. मग आई पुढे सरकली आणि मी टाकलेल्या ढिगातून एकेक दांडा परत भाजीत टाकायला लागली. "हाई कसाले टाकं?" तिच्या हिशेबाने मुळं आणि जुडीचा दोरा सोडून सगळं खाण्याजोगं होतं.

धुण्याचंही शास्त्र आहे. पातेलंभर पाण्यात भाजी बुडवायची, हलवायची आणि पाणी तसंच ठेवून भाजी वर उचलायची. भाजीसकट पाणी चाळणीत ओतलं, की तळाला बसलेली माती पुन्हा पानांवर येऊन बसते आणि जेवताना दाताखाली कचकच होते. पहिल्या पाण्याला तळाशी मातीचा थर, दुसऱ्याला थोडी रेती, तिसऱ्याला काही नाही. आईने तरी चौथं पाणी करायला लावलं, तिची खात्री म्हणून.

आता मुख्य अंक. मे महिना, बाहेर दिवसभर पारा 45 च्या घरात, आणि गॅसची ज्योत हलते म्हणून पंखा बंद. चमचाभर तेल कढईत फिरवलं तर ते तळाच्या एका कोपऱ्यात लाजून बसलं. जिरं, भरपूर ठेचलेला लसूण, हिरव्या मिरच्या. आमच्या भागात मिरची मोजत नाहीत, मूठ उघडतात. ठसका गल्लीच्या टोकापर्यंत गेला. शेजारच्या वहिनींनी तिकडून खोकूनच पोच दिली.

मग भाजी घातली. घातली म्हणजे, घालायला घेतली. कढई भरली, वर डोंगर झाला आणि अर्धी परात अजून खालीच. सुट्टीच्या दिवसांत धुळ्याच्या एसटीत कंडक्टर जसं "मागे सरका, मागे सरका" करत माणसं कोंबतो, तसं मी झाऱ्याने पानं दाबत होतो. दोन पानं बर्नरवर पडून जळाली, चार ओट्यावरून खाली गेली. झाकण ठेवावं तर आई आतून ओरडली, "झाकू नको, काळी पडी जाई!" तिचं खरंच आहे. झाकलं की पानांतली आंबट वाफ आतच कोंडते आणि हिरवा रंग मातकट होतो.

आणि मग पाच मिनिटांत डोंगर बसला. पानांत नव्वद टक्क्यांच्या वर पाणीच असतं हे शाळेत वाचलं होतं, पण ते एवढ्या निर्लज्जपणे निघून जाईल असं वाटलं नव्हतं. कढईच्या तळाशी आमटीच्या वाटीत मावेल एवढा हिरवा गोळा उरला. मीठ शेवटी घालतात ते म्हणूनच. डोंगर बघून मीठ घातलं असतं, तर डॉक्टरांकडे ब्लडप्रेशरसाठी वेगळी वेळ घ्यावी लागली असती. वरून शेंगदाण्याचा कूट घातला. कूट पथ्यात बसतो की नाही, ते मी विचारलेलं नाही.

आईने तोवर बसल्या बसल्या कळण्याच्या भाकरी थापून दिल्या होत्या, मी शेकल्या. ज्वारी-उडदाची ती खमंग भाकरी, शेजारी पोकळा. बायको आली, हातपाय धुऊन ताटावर बसली, पहिला घास घेतला. "अहो, मस्त झालीये की! पण एवढीशीच का केली?"

आई काही बोलली नाही. फक्त माझ्याकडे पाहिलं.

मुलाने ताट उजवीकडून डावीकडून निरखलं. "पप्पा, भाजी कुठंय?" मी बोट दाखवलं. त्याने उठून फडताळातला डबा आणला आणि भाजीवर मूठभर तिखट शेव पसरली. मग बायकोने चिमूटभर घेतली. मग आईने. डबा फिरत माझ्यापर्यंत आला, तेव्हा त्यात चुरा उरला होता. तो मी वाया जाऊ दिला नाही.

पुढच्या तपासणीला डॉक्टर विचारतील, रात्री पालेभाजी खाता का? खातो. तिच्यावर काय असतं, हे विचारायचं की नाही ते त्यांचं त्यांनी बघावं.