मुठीला सोन्याचे पाणी

आपण नुकतेच नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेला असाल, दिवाणखान्यात टीव्हीच्या वरची भिंत मोकळी पडली असेल आणि तिथे हरणांच्या जोडीचे चित्र टांगण्याइतके आपले रक्त अजून निवलेले नसेल, तर ऐतिहासिक शस्त्रांच्या प्रतिकृतींचा संग्रह करण्याखेरीज आपल्याला दुसरा मार्ग नाही. या छंदाला अभ्यास लागत नाही, व्यायाम तर नाहीच नाही. आणि ज्या इतिहासासाठी काही मंडळींनी जन्मभर मोडीची दप्तरे चाळून डोळे अधू करून घेतले, तो इतिहास चार खिळे आणि एक ड्रिल मशीन यांच्या बळावर एका रविवारी भिंतीवर चढवता येतो. प्रस्तुत लेखक या क्षेत्रात ९ वर्षे आहे. त्याच्या भिंतीवर आज तीन तलवारी, दोन कट्यारी, एक बिचवा, एक ढाल, एका दांडपट्ट्याचे अवशेष आणि पुट्टी भरून बुजवलेली बरीच भोके आहेत. तेव्हा पुढील सूचना अनुभवाच्या आहेत असे समजावे.

सर्वांत महत्त्वाची सूचना अशी की, खरेदी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही वस्तुसंग्रहालयात पाऊल टाकू नये. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात किंवा साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात खरी शस्त्रे काचेआड ठेवलेली आहेत आणि ती पाहून नवख्या संग्राहकाचा हिरमोड झाल्यावाचून राहत नाही. त्या तलवारी चमकत नाहीत. पाते काळवंडलेले, नक्षी झिजलेली आणि मूठ तर इतकी आखूड की, आपल्या पंजाची चार बोटे तिच्यात मावतील का, अशी शंका यावी. काचेसमोर उभा राहणारा प्रत्येक पुरुष कोणाचे लक्ष नाही असे पाहून स्वतःची मूठ एकदा वळवून बघतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. ती मूठ आखूड असते याला कारण आहे: वरची परज आणि टोकाची चकती यांच्यामध्ये पंजा घट्ट बसावा, मनगट सैल फिरू नये आणि वार खांद्यातून, ओढत, कापत यावा, अशी ती रचना होती. पण हे कळून आपल्याला काय करायचे आहे? आपल्याला वार करायचा नसून पाहुण्यांना चहा द्यायचा आहे.

म्हणून खरेदीचा आरंभ गडाच्या पायथ्याशी करावा. तिथल्या टपरीवर कणसे आणि लिंबू सरबत यांच्या शेजारी टोप्या, कीचेन आणि तलवारी एकाच दोरीला टांगलेल्या असतात. तलवार हातात घेताच आपल्या तोंडून ‘जड आहे हो!’ असे उद्गार निघाले, तर ती घेण्यास हरकत नाही. लढाईतली तलवार साधारण किलोभराची, फार तर थोडी अधिक असे. कारण ती ज्याला चालवायची होती त्याला दिवसभर घोड्यावर बसून संध्याकाळी जिवंतही राहायचे होते. तिच्या पात्याची जाडी मुठीपासून अणीपर्यंत उतरत जाई. आपली तलवार एकाच जाडीच्या पट्टीतून कापलेली असल्यामुळे ती अडीच किलोंची भरते आणि पूर्वीची माणसे किती धिप्पाड होती हे वाक्य बोलायला आपल्याला आयतीच संधी मिळते. पात्यावर एक लांब खाच असेल. ती शत्रूचे रक्त वाहून जाण्यासाठी असते, असे पाहुण्यांना सांगावे. वस्तुतः पात्याचा ताठपणा न घालवता वजन कमी करण्याची ती युक्ती आहे. परंतु हे ऐकून आजवर एकाही पाहुण्याच्या बायकोने ‘बाई गं!’ म्हटलेले मला आठवत नाही.

आता पाण्याविषयी. लोहाराने पाते लाल होईतो तापवायचे, पाण्यात किंवा तेलात विझवायचे आणि मग पुन्हा बेताची धग देऊन त्याचा ठिसूळपणा काढायचा, या साऱ्याला आपल्या भाषेत शस्त्राला पाणी देणे म्हणतात. एखाद्याचे पाणी जोखावे, त्याला पाणी दाखवावे, हे आपण उगाच म्हणत नाही. सुदैवाने बाजारात दुसरेही एक पाणी मिळते आणि ते मुठीला देतात, सोन्याचे. सुज्ञ संग्राहकाने पहिल्या पाण्याची चौकशी करून विक्रेत्याला अवघडल्यासारखे करू नये. पाते स्टेनलेस स्टीलचे असते, ते भाजीच्या पातेल्याच्या जातीचे असते, आणि त्यात वाईट वाटण्यासारखे काहीही नाही. कोणी अधिक चोखंदळ असेल तर त्याने पात्यावर लहरी असलेली, जौहरदार म्हणून विकली जाणारी तलवार घ्यावी. तेलंगणातल्या कोनासमुद्रमसारख्या गावांत एके काळी मुशीत वितळवून जे पोलाद होत असे आणि थेट इराणपर्यंत जात असे, त्याच्या लहरी धातूच्या पोटातून वर येत. आपल्या तलवारीच्या लहरी आम्लाने काढलेल्या असतात. त्या वरवरच्या असल्या तरी फोटोत अधिक ठळक येतात.

ढालीबाबत फार बोलण्यासारखे नाही. खऱ्या ढालीवरच्या चार फुल्या, म्हणजे धातूच्या फुगीर चकत्या, मागच्या हातपट्ट्यांचे खिळे धरून ठेवत. आपल्या ढालीवरच्या फुल्या फेव्हिक्विकने चिकटवलेल्या असतात, त्या उन्हाळ्यात पडतात, पडल्या की पुन्हा चिकटवाव्यात.

शस्त्र घरी आले की त्याला कथा हवी. नुसती तलवार म्हणजे निव्वळ लोखंड. ‘आमच्या मूळ गावी वाड्यात अशीच एक होती’ या वाक्याने सुरुवात करावी आणि वर्षभराने त्यातला ‘अशीच’ हा शब्द अलगद काढून टाकावा. यात संकोच वाटत असेल, तर थोरामोठ्यांची उदाहरणे डोळ्यांसमोर आणावीत. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून २०२४ च्या जुलैमध्ये तीन वर्षांच्या बोलीवर साताऱ्यात आणलेले वाघनख ग्रँट डफच्या घराण्याकडून त्या संग्रहालयाकडे गेले होते. डफ साताऱ्यात इंग्रजांचा रेसिडेंट होता, पुढे त्याने मराठ्यांचा इतिहास लिहिला. आणि या वाघनखासोबतच्या पेटीवरचा इंग्रजी मजकूर सांगतो की, शिवाजीने ज्याने मोगल सेनापतीला मारले ते हे वाघनख. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली मारला गेलेला अफजलखान विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार होता, हे आपल्याकडे चौथीतले पोर सांगेल. हे नेमके तेच वाघनख आहे याची खात्री देता येत नाही, असे ते संग्रहालय स्वतःच म्हणते; तरी ते पाहायला रांगा लागल्या, आणि त्या रांगेत मीही होतो. मग आपल्या सत्तावीसशे रुपयांच्या बिचव्याने काय पाप केले आहे? विक्रेत्याकडून एक प्रमाणपत्र मागून घ्यावे. ते जाड कागदावर मोडीसदृश वळणाच्या टंकात छापलेले असावे आणि त्यात ‘ओरिजनल’ हा शब्द निदान दोनदा यावा.

कथेत स्वदेशीचा अभिमान मात्र जपून वापरावा. नागपूरकर भोसल्यांच्या गादीचे संस्थापक पहिले रघूजी भोसले यांची तलवार २०२५ साली लंडनच्या लिलावातून राज्य शासनाने ४७ लाख १५ हजार रुपयांना मिळवली, तेव्हा माझ्या एका संग्राहक मित्राने सोसायटीत पेढे वाटले. अस्सल मराठी पोलाद परत आले, असे त्याचे म्हणणे. त्या तलवारीचे सरळ पाते युरोपात घडलेले आहे आणि तिच्यावर देवनागरीत रघूजींच्या नावापुढे ‘फिरंग’ असा शब्दच घातलेला आहे. पोर्तुगीज आणि इतर टोपीकरांकडून चांगली पाती विकत घ्यायची आणि त्यांना आपल्या पद्धतीची मूठ बसवायची, हा मराठ्यांचा रोकडा व्यवहार होता. चांगले पोलाद जिथे मिळेल तिथून घेण्यात त्यांना कमीपणा वाटत नव्हता. हे मी मित्राला सांगितले. त्याने पेढ्याचा पुडा माझ्यासमोरून उचलला.

कायद्याची भीती बाळगू नये, फक्त तो वाचू नये. १९५९ चा शस्त्र अधिनियम आणि त्याखालचे नियम तलवारी, खंजीर, भाले आणि ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची तत्सम हत्यारे यांची दखल घेतात. घरकामासाठी, शेतीसाठी किंवा कारखान्यासाठी बनवलेली अवजारे त्यांतून वगळलेली आहेत. म्हणजे भिंतीवरच्या बोथट तलवारीपायी आपल्याला चौकीत ‘ही शोभेची आहे’ हे पटवून देत बसावे लागेल आणि त्याच चौकीत ज्याच्यामुळे सर्वाधिक धावपळ चालू असते तो कोयता कागदोपत्री बिचारा शेतकरी ठरेल. ऑनलाइन मागवण्याचा मोह झाल्यास २०२२ साली पिंपरी-चिंचवड पोलिसांनी कुरिअरच्या गोदामातून जप्त केलेल्या पंजाबच्या नव्वदाहून अधिक तलवारी आठवाव्यात आणि तरीही मागवावे. कारण पार्सलवर ‘डेकोरेटिव्ह आयटम’ लिहिले की सारे काही वैध होते, असा विक्रेत्यांचा ठाम विश्वास आहे आणि पत्ता त्यांचा नसून आपला असतो.

इथवर आपण भिंतीविषयी बोललो. परंतु संग्राहकाच्या आयुष्यात असा एक दिवस येतोच, जेव्हा केवळ पाहून त्याचे समाधान होत नाही. माझ्या आयुष्यात तो खंडेनवमीला आला. शस्त्रांची पूजा झाली होती, झेंडूच्या माळा घातल्या होत्या, मेहुणे सहकुटुंब जेवायला आले होते, आणि कोणीतरी म्हणाले, ‘भावजी, तो पट्टा चालवतात कसा?’ दांडपट्ट्याला २०२४ साली राज्यशस्त्राचा मान जाहीर झालेला आहे, आणि तो चालवणे हे कोल्हापुरातल्या मर्दानी खेळाच्या आखाड्यांत वर्षानुवर्षे घाम गाळून शिकतात. त्याची मूठ कोपरापर्यंतच्या लोखंडी खोबणीत आडवी असते, मनगट वळत नाही, सुमारे ४ फुटांचे लवचिक पाते म्हणजे हाताचीच लांबी झालेली असते आणि वाराबरोबर सगळ्या अंगाला फिरावे लागते. ही सर्व माहिती मी हात फिरवता फिरवता देत होतो. खऱ्या पट्ट्यात पात्याला दोन्ही बाजूंनी लांब पट्ट्यांचा आधार देऊन ते खोबणीला रिव्हेट केलेले असते. माझ्या पट्ट्यात दोन स्क्रू होते. तिसऱ्या फेरीला खोबणी माझ्या हातात राहिली आणि पाते पंख्याखालून, मेहुण्यांच्या डोक्यावरून, स्वयंपाकघराच्या दारातून जाऊन वॉटर फिल्टरच्या टाकीत रुतले. पाणी ओट्यावरून खाली, तिथून श्रीखंडाच्या पातेल्याकडे निघाले. त्या पात्याला आयुष्यात मिळालेले पहिले पाणी हेच. कोणाला काही लागले नाही. मेहुण्यांनी मात्र त्यानंतर आमच्याकडे जेवताना भिंतीकडे तोंड करून बसण्याचा प्रघात पाडला आहे. विक्रेत्याला फोन केला तर तो शांतपणे म्हणाला, ‘साहेब, तो शोपीस आहे. फिरवायला कोणी सांगितलं होतं?’

निगराणीबद्दल दोनच शब्द. पावसाळ्यात तलवार चामड्याच्या म्यानात सरकवून ठेवावी. चामडे ओल धरते, आणि दसऱ्याला ती बाहेर काढताना एकाने म्यान व दुसऱ्याने मूठ धरून ओढावे लागते, त्यामुळे शेजारधर्म टिकतो. पात्याला बोटे लावून ‘धार बघा’ असे प्रत्येकाला म्हणावे आणि ती ठशांची नक्षी तांबूस होऊ लागली की तिला जुनेपणाची खूण म्हणून दाखवावे.

धारेवरून आठवले. मागच्या महिन्यात सायकलला दगडी चाक जोडलेला धारवाला आमच्या गल्लीत ओरडत आला. कायद्याचा वरचा परिच्छेद मी विसरलो नव्हतो, तरी निदान अणीजवळ चार बोटे चकाकी आणावी या विचाराने मी माझी सर्वांत महागडी तलवार टॉवेलात गुंडाळून खाली नेली. म्हाताऱ्याने ती उलगडली, पात्यावर नखाने टिचकी मारली, आवाज ऐकला, आणि पुन्हा एकदा मारली.

‘यात पाणीच नाय,’ तो म्हणाला. ‘चाकावर धरली तर पत्रा निघंल नुसता.’

मग त्याने मुठीवरून अंगठा फिरवला आणि तो मला दाखवला. अंगठा पिवळा झाला होता.

एवढ्यात सौभाग्यवती विळी घेऊन खाली आल्या. त्याने विळीलाही टिचकी मारली, ती खणखणीत वाजली, आणि काही न बोलता तो पायटा मारू लागला. ठिणग्या उडाल्या. ४० रुपये झाले, ते मी दिले. वर जाताना जिन्यात विळीचे पाते माझ्या बाजूला नको म्हणून सौभाग्यवतींनी ती दुसऱ्या हातात घेतली आणि म्हणाल्या, ‘अहो, ती तलवार तेवढी लगेच वर लावा. खिळा उघडा दिसतोय.’