फुगा एकदा घालून भागत नाही

डायलिसिसवरच्या लेखात लिहिलंय, फिस्टुला (डायलिसिसची सुई टोचायला हातातली शीर धमनीला जोडून केलेली वाट) आकसला तर फुग्याने शीर रुंद करतात नि काम भागतं. एवढ्यावर भागत नाही हो. आमचे अण्णा तासगावहून मिरजेला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातात. दीड वर्षात तीनदा फुगा घातला, दरवेळी त्याच जागी, खांद्याजवळच्या वळणावर. फुग्याने शिरेचं अस्तर दुखावतं, तिथं नव्या पेशी वाढतात आणि वाट परत अरुंद. तिसऱ्यांदा पॅक्लिटॅक्सेल हे पेशींची वाढ रोखणारं औषध लावलेला फुगा वापरला. 2020 मध्ये छापून आलेल्या चाचणीत अशा फुग्यानंतर सहा महिन्यांनी सुमारे 82 टक्के रुग्णांची ती जागा उघडी राहिली होती, साध्या फुग्यानंतर सुमारे 60. खर्च मात्र भारी. द्राक्षांचे पैसे नुकतेच आले होते म्हणून निभावलं.

सुई काढल्यावर रक्त थांबायला आधी दहा मिनिटं लागायची, ती पंचवीसवर गेली; वाट अरुंद होत असल्याची ही खूण. युनिटमध्ये सांगितलं तर "होतं असं" म्हणाले! आता आई सकाळी चहाचं आधण ठेवायच्या आधी अण्णांच्या दंडावर बोटं टेकवते. मांजर गुरगुरल्यासारखी थरथर लागली पाहिजे. मागच्या खेपेला वाट अरुंद झाली तेव्हा थरथरीऐवजी नुसते ठणठण ठोके लागत होते, ते पहिल्यांदा तिलाच कळलं, मशीनला नंतर.