ओलावा शून्य टक्के

गावात राहून प्रोग्रामिंग करतो म्हटलं की पुण्यातले मित्र हेवा करतात. त्यांच्या मते मी निंबाखाली खाटेवर पडून कोड लिहितो आणि मधूनमधून हुरडा खातो. हुरड्याचं खरं आहे. बाकी मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात, ढेपेच्या पोत्याला पाठ टेकून, दुसऱ्यानं लिहिलेल्या कंट्रोलरच्या टेस्ट लिहितो. कंट्रोलर म्हणजे ॲपचा आलेली विनंती घेणारा भाग, आणि टेस्ट म्हणजे तो बरोबर चालतो का ते तपासणारा कोड. या कामाचा हेवा करणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

ॲप तालुक्याच्या एका जिनिंगवाल्या शेठजींचं. कापसाची गाडी आली की नोंद, ओलावा, वजन, भाव, पावती. ज्या पोरानं ते लिहिलं तो बंगळुरूला निघून गेला. ॲप रेल्समध्ये, म्हणजे रुबी भाषेतल्या वेब ॲप बांधायच्या साच्यात. रेल्स आपणहून काही टेस्ट लिहून देतं, कंट्रोलरच्या सात ॲक्शनच्या, म्हणजे ठरीव कामांच्या, सात. जाण्याआधी त्यानं त्याही पुसल्या होत्या. का, ते त्यालाच ठाऊक. टेस्टचे वेगळे पैसे लागतील म्हटल्यावर शेठजींनी चष्म्यावरून पाहिलं.

"आप चालून राह्यलं ना?"

"हो."

"मंग चालत्या बैलाले आर कायले?"

पटवता पटवता चहा गार झाला. शेवटी 'एकाही गाडीचा हिशेब चुकणार नाही' या वाक्यावर ते वितळले.

जिनिंगच्या फाटकावर एक माणूस असतो. तो वजन करत नाही, भाव पाडत नाही. गाडी बघतो आणि सांगतो: तू आत, तू तिकडे लाव, तू परत जा. कंट्रोलर असा असावा. आमचा कंट्रोलर फाटकावर उभा राहून वजनही करायचा, भावही कापायचा, एसएमएसही पाठवायचा. चारशे ओळी. अशाची टेस्ट लिहायची म्हणजे आधी शेतकरी जन्माला घाला, त्याला गाव द्या, हंगाम उघडा, मुनीमजींना लॉगिन करवा, आणि मग कुठं एक गाडी फाटकाशी आणा. एक गाडी परत जाते का एवढं बघायला अख्खा तालुका वसवावा लागतो. टेस्ट संपली की डेटाबेस तो तालुका मोडून टाकतो. पुढच्या टेस्टला नवा.

यावर लोक मॉकचा, म्हणजे खऱ्याच्या जागी नकली वस्तू ठेवायचा, उपाय सांगतात. मीही केला. एसएमएस नकली, काटा नकली, भाव नकली. नकली काट्यावर नकली गाडी चढली आणि टेस्ट हिरवी झाली, म्हणजे पास. त्यातून सिद्ध एवढंच झालं की मला नकली वस्तू बऱ्या जमतात. एसएमएस तेवढा नकली ठेवला, नाहीतर गावभर पावत्या गेल्या असत्या. बाकीचं काढून टाकलं.

पूर्वी कंट्रोलरच्या पोटात हात घालून बघायची पद्धत होती: आत कोणतं व्हेरिएबल ठेवलं, कोणतं टेम्प्लेट काढलं. २०१६ साली रेल्स ५ आलं तेव्हा ही सोय काढून वेगळ्या जेममध्ये, म्हणजे लागली तर जोडायच्या पुरवणीत, टाकली. आता बाहेरून विनंती करायची आणि काय उत्तर येतं ते बघायचं. चांगलं केलं. शेतकऱ्याला तरी जिनिंगच्या आत काय चालतं ते कुठं दिसतं?

पण बाहेरचं उत्तरही खरं असेल असं नाही. बंगळुरूच्या पोरानं जागोजागी रेस्क्यू, म्हणजे चूक वरच्यावर झेलणारा कोड, लावून ठेवला होता. काहीही फुटलं की पानावर 'क्षमस्व, गडबड झाली' आणि स्टेटस २००, म्हणजे सगळं आलबेल. टेस्ट २०० बघून हिरवी. त्यामुळे प्रत्येक टेस्टमध्ये 'पानावर क्षमस्व नाही ना' ही ओळ घालावी लागली.

मग तारखांचा घोळ निघाला. दिवसा आमच्याकडे लाईनचा भरवसा नाही, म्हणून मी रात्री बसतो. शेतीपंपाची लाईनही त्या आठवड्यात रातचीच, त्यामुळे बाबाही हरभऱ्याला पाणी द्यायला जागे. दिवसा हिरव्या असलेल्या टेस्ट बारा वाजून गेले की लाल व्हायच्या. कोडमध्ये एका अक्षराचा बदल नाही. पहाटे साडेपाचनंतर पुन्हा हिरव्या. बाबा पहाटे तीनला चिखलाचे पाय घेऊन आले, स्क्रीनकडे पाहिलं.

"अजून लालच?"

"हो."

"बाहेरचं तं नाही न काही?"

बाहेरचंच होतं, ग्रीनविचचं. रेल्सला टाइम झोन सांगितला नाही तर ते यूटीसी धरतं, आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. कोडमध्ये अर्ध्या ठिकाणी डेट.टुडे, म्हणजे मशीनची तारीख. अर्ध्या ठिकाणी डेट.करंट, म्हणजे रेल्सची. मध्यरात्रीनंतर आमच्या गावात आज उजाडायच्या बेतात असायचा आणि रेल्समध्ये अजून काल चाललेला असायचा. आजची गाडी कालच्या यादीत शोधली तर कशी सापडणार? झोन कोलकात्याचा केला, सगळीकडे डेट.करंट केलं. वर ट्रॅव्हल_टू नावाची सोय वापरून एक टेस्ट कायमची रात्री दोनला नेऊन बसवली. आता ती भर दुपारी चालवली तरी तिच्यापुरते रातचे दोनच वाजतात. बाबांना हे फार आवडलं.

"लाईनवाल्याइले शिकव न हे. रातचे दोन दुपारीच वाजवा म्हना."

आता ओलाव्याच्या टेस्ट राहिल्या होत्या. शेठजींनी नियम सीसीआयसारखाच, म्हणजे हमीभावानं कापूस घेणाऱ्या सरकारी महामंडळासारखाच, ठेवलेला: ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, पुढं दर टक्क्याला एक टक्का कपात, १२ च्या वर गाडी परत. मी ८ टाकून पाहिले, १२ टाकले, १३ टाकले. तेराला कंट्रोलरनं ४२२, म्हणजे नामंजूर, देऊन गाडी परत पाठवली. सगळ्या टेस्टचे ठिपके हिरवे. बाबा शेजारी बसून बघत होते.

"आन इकडे. मी टाकतो गाडी."

त्यांच्या मोबाईलचा कीबोर्ड मराठी. चाचणीच्या सर्व्हरवर त्यांनी ओलाव्याच्या साध्या चौकटीत मराठीत १४ टाकलं. गाडी स्वीकारली. ओलावा ०. कपात नाही. लांब धाग्याचा २०२५-२६ चा हमीभाव ८११० रुपये, पूर्णच्या पूर्ण.

रुबी ही जपानच्या युकिहिरो मात्सुमोतोंची भाषा, १९९५ पासून लोकांच्या हातात आहे. तिच्यात मराठी मजकूर छान राहतो. पण मजकुराचा आकडा करायला टू_एफ म्हटलं की तिला इंग्रजी आकडेच ओळखता येतात. मराठी चौदा समजलं नाही तर समजलं नाही म्हणावं की नाही? ती गुपचूप शून्य म्हणते. आणि शून्य काही बाराच्या वर नाही. म्हणजे जो कापूस मराठीत भिजला तो कोरडा.

बाबांनी मोबाईल दोन्ही हातांनी धरून पावती पुन्हा वाचली. इतक्या आदरानं त्यांनी माझ्या डिग्रीकडेही पाहिलं नव्हतं.

"हे आप लय चांगलं हाय," ते म्हणाले. "याले हात नोको लावू."

"बाबा, बग आहे हा."

"कोनासाठी?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरात आमचाही कापूस भरून ठेवलेला होता. तरी मी आधी लाल टेस्ट लिहिली, 'मराठी आकड्यातला ओला कापूस परत जावा', मग कंट्रोलर दुरुस्त केला. त्या दिवशी बाबा माझ्याशी बोलले नाहीत. माय म्हणाली, "घरचंच पोट्टं उलटलं."

शेठजींना सांगितलं तेव्हा त्यांचा चहा बशीतच राहिला. आजवर मराठी आकड्यात किती गाड्या आत गेल्या, हे त्यांनी मुनीमजींना तीनदा विचारलं. मुनीमजी वहीत तोंड घालून बसले. मग शेठजींनी जाहीर केलं की टेस्ट ही फार थोर वस्तू आहे, सगळ्याच्या टेस्ट लिही, पैशाचं बघू. ओलाव्याच्या, भावाच्या, पावतीच्या.

घरी येऊन मी ही आनंदाची बातमी बाबांना दिली. ते कापसाच्या ढिगावर बसून वाती वळायला माय मागते तेवढा कापूस वेगळा काढत होते. मान वर न करता म्हणाले,

"अन् त्याच्या काट्याची टेस्ट कोन लिहून राह्यलं?"