उभ्या उभ्या लंडन

लंडनमधली मोठी म्युझियम्स फुकट आहेत आणि हीच सगळ्या दुखण्याची सुरुवात आहे. तिकीट असतं तर आमच्या घरातल्या माणसाने पाउंडाचे रुपये करून बघितले असते, एखादं बघितलं असतं आणि झालं लंडन म्हणून बाहेर बाकावर बसले असते, मी पण बसले असते. पण ब्रिटिश म्युझियम फुकट, नॅचरल हिस्ट्री फुकट, व्ही अँड ए म्हणजे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम फुकट, नॅशनल गॅलरी फुकट, मग बँकेतून रिटायर झालेला माणूस त्यातलं काय सोडणार? दारात डोनेशनची पेटी असते म्हणा, पण तिच्या जवळून जाताना आमचे हे नेमके छतावरची नक्षी बघत जायचे.

2024 ची दिवाळी आम्ही भाचीकडे हॅरोला केली. दिवसा म्युझियम आणि संध्याकाळी कुणाच्या तरी घरी पार्टी असा सगळा प्लॅन तिने एक्सेल शीटमध्ये करून ठेवलेला, त्यात ट्रेन कुठे बदलायची, कुठल्या घरी काय घेऊन जायचं, कुणाला कांदा लसूण चालत नाही, सगळं होतं. फक्त 'बसणे' असा कॉलम नव्हता. 

आता तुम्ही म्हणाल बसायला काय लंडनला गेला होतात का. पण जाऊन बघा एकदा. एस्कलेटरवर उजव्या बाजूला उभं राहायचं, डावीकडे उभं राहिलात तर मागून इतक्या गोड आवाजात 'एक्स्क्यूज मी' येतं की जन्मभर लक्षात राहावं. साउथ केन्सिंग्टनला उतरलं की म्युझियमला जायला जमिनीखालून बोगदा आहे, टाइल्स लावलेला, छान आहे, पण संपत नाही. आणि वर आलं तर नॅचरल हिस्ट्रीची रांग. तेव्हा तिकडे शाळांना हाफ टर्मची सुट्टी होती, म्हणजे इंग्लंडातली अर्धी पोरं डायनॉसोर बघायला आणि त्यांच्या बाबागाड्या आमच्या घोट्यांवर.

आत हॉलमध्ये निळ्या देवमाशाचा सांगाडा टांगलाय, 25.2 मीटर लांब, नाव होप. आधी तिथे डिपी नावाचा डायनॉसोर असायचा, 2017 मध्ये त्याला हलवून हिला आणली, आणि तो डिपी म्हणजे प्लास्टरची प्रतिकृती होती हे ह्यांना तिथे कळलं. "म्हणजे इतकी वर्षं लोक प्लास्टर बघायला रांगा लावत होते?" बराच वेळ ह्याच विषयावर. मी एका खांबाला टेकले होते.

ह्यांचा एक गुण असा की आयुष्यभर कागद तपासल्यामुळे लेबलसुद्धा खालच्या तारखेपर्यंत वाचतात, आणि मोठ्याने. ब्रिटिश म्युझियममध्ये 80 लाखांच्या आसपास वस्तू आहेत आणि त्यातल्या जेमतेम एक टक्का मांडून ठेवल्यात हे भाचीने सांगितलं तेव्हा ह्यांना वाईट वाटलं, मी हात जोडले. रोझेटा स्टोन म्हणजे इजिप्तमधला जुना शिलालेख, त्याच्यापुढे तर आपल्याकडे दर्शनाला असते तेवढी गर्दी, सगळ्यांचे मोबाईल वर, दगड कुणालाच दिसत नाही. त्यात हे शिरले आणि दहा मिनिटांनी बाहेर येऊन म्हणाले, "अगं, त्यात काय लिहिलंय माहितीये का, राजाने देवळांचा टॅक्स माफ केला म्हणून पुजाऱ्यांनी त्याचे आभार मानलेत." म्हटलं म्हणजे अभिनंदनाचा फ्लेक्सच की हो, तीन लिप्यांमध्ये.

मला तिथे एकच गोष्ट मनापासून आवडली, स्कॉटलंडच्या लुईस बेटावर सापडलेल्या बुद्धिबळाच्या सोंगट्या. बहुतेक सगळ्या वॉलरसच्या दातातून कोरलेल्या, बाराव्या शतकातल्या, वीतभरसुद्धा नाहीत. त्यातली राणी गालाला हात लावून, डोळे मोठे करून समोर बघत बसलीये, 'अजून किती पाहुणे यायचेत' असा चेहरा. आठशे वर्षं ती तशीच आहे. पण तिला खुर्ची आहे! सिंहासन, पाठीला नक्षी वगैरे. मी तिच्यासमोर बराच वेळ उभी होते आणि माझ्या मनात कलेबद्दल काहीही येत नव्हतं.

संध्याकाळी पार्टी. लंडनजवळच्या स्लाउला एकांकडे दिवाळीचं गेट टुगेदर, तिकडे मराठी माणसं भरपूर. दारात बूट काढायचे, म्हणजे दिवसभर सुजलेले पाय बुटातून बाहेर आले की परत आत जायला तयार नाहीत. दिवाणखाना छोटा, माणसं तीसेक, सोफ्यावर पोरं आयपॅड घेऊन आडवी, त्यांना उठवायची पद्धत नाही. मग आपण काय करायचं, हातात पेपर प्लेट घेऊन उभं राहायचं. स्टार्टर्स तीन तास. पॉटलक होतं त्यामुळे चार घरांतून पावभाजी आली होती. गप्पा मॉर्गेजच्या, बॉयलरच्या, कुठल्या शाळेच्या हद्दीत घर येतं त्याच्या, आणि मध्येच कुणीतरी वळून आमची तोंडी परीक्षा घ्यायचं, "मग मावशी, काय काय बघून झालं?"

आणि त्यानंतरचा हमखास प्रश्न, "वाघनखं बघितली का?"

ह्याचं उत्तर द्यायला ह्यांना फार जड जायचं. कारण आम्ही साताऱ्याचे. व्ही अँड ए म्युझियमने ती वाघनखं तीन वर्षांसाठी महाराष्ट्राला दिली होती आणि जुलै 2024 पासून ती आमच्या साताऱ्याच्याच संग्रहालयात होती, घरापासून रिक्षाने दहा मिनिटं. आणि आम्ही बघितली नव्हती. आधी पाऊस होता, मग गणपती, मग व्हिसाची कागदपत्रं, आणि गावातलंच तर आहे, जाऊ की कधीतरी. हे एवढं सांगून होईपर्यंत स्लाउमधली दोन माणसं ती महाराजांनी वापरलेलीच आहेत की नाहीत ह्यावर भांडायला लागली. एक म्हणतोय तसा पुरावा नाही असं म्युझियमच सांगतंय, दुसरा म्हणतोय पेशव्यांच्या प्रधानाने साताऱ्याचा ब्रिटिश रेसिडेंट ग्रँट डफ, त्याला दिली असं पेटीवर कोरलंय. हातात पनीर टिक्क्याच्या काड्या, आवाज चढलेले, आणि दोघं उभे, म्हणून भोवती आम्ही सगळे उभे. जेवण साडेदहाला लागलं.

दुसऱ्या दिवशी व्ही अँड ए ला गेल्यावर ह्यांनी तिथल्या गार्डला गाठलंच. वाघनखं नाहीत हे माहिती आहे, पण ती असतात कुठे ती जागा तरी दाखवा. त्या भल्या माणसाने दुसऱ्याला विचारलं, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि मग परत येऊन अत्यंत आदराने सांगितलं की ती सध्या भारतात आहेत, 'सटारा' नावाच्या गावी, तुम्ही कधी तिकडे गेलात तर जरूर बघा.

हे काही बोलले नाहीत. सरळ टिपूच्या वाघाकडे गेले. लाकडी वाघ, खाली गोरा शिपाई, वाघाच्या पोटात ऑर्गन आणि बाहेर फिरवायला हँडल. 1799 मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर इंग्रजांनी उचलून आणला आणि कंपनीच्या म्युझियममध्ये ठेवला, तिथे येणारा जाणारा माणूस हँडल फिरवून तो आवाज काढायचा आणि शेजारच्या लायब्ररीत वाचत बसलेले लोक वैतागायचे. मला त्या लोकांचं काही वाटलं नाही. बसलेले तरी होते.

पण ह्याच म्युझियममध्ये मला देव भेटला. भिंतीला लावून ठेवलेले घडीचे स्टूल! कुणीही एक उचलायचं, काखेत मारायचं, हवं तिथे उघडून बसायचं, परत आणून ठेवायचं. मी ट्रेजन राजाच्या खांबासमोर मांडलं. तो पण प्लास्टरचाच, मूळ रोममध्ये आहे, इतका उंच की छताला पुरेना म्हणून दोन तुकडे करून शेजारी शेजारी उभे केलेत. ह्यांनी त्यावर कोरलेली चित्रं खालपासून गोल गोल वाचायला घेतली आणि मी म्हटलं वाचा, अगदी शेवटपर्यंत वाचा.

शेवटची पार्टी भाचीच्या ऑफिसमधल्या मैत्रिणीच्या नव्या फ्लॅटवर, सगळे इंग्लिश लोक. इथे तर कमालच होती. बाहेर सोफे रिकामे आणि सगळी जनता स्वयंपाकघरात फ्रीजला टेकून, वाईनचे ग्लास घेऊन उभी! गाणी इतक्या जोरात की मी प्रत्येक वाक्याला 'येस, लव्हली' म्हणत होते, एकाने बहुतेक त्याचा कुत्रा वारल्याचं सांगितलं. आपण एकटंच सोफ्यावर बसायचं तर बरं दिसत नाही, म्हणून कोट ठेवायच्या निमित्ताने मी बेडरूममध्ये गेले. कोटांचा ढीग, आणि त्याच्या कडेला एक इंग्लिश आजी आधीच बूट काढून बसलेली. तिने काही न बोलता चार कोट सरकवले. मी पर्समधून चकल्या काढल्या. आम्हाला शोधत भाची आली तोपर्यंत डबा संपला होता आणि आजीने मला गुडघ्याच्या ऑपरेशनचा व्हिडिओ दाखवला होता.

घरी आल्यावर जेटलॅग उतरायच्या आत ह्यांचं सुरू, "उद्या वाघनखं बघून येऊ, आता लोकांना तोंड दाखवायला जागा नाही." 

म्हटलं येते. आधी फोन करून बसायची सोय आहे का ते विचारा.