बकनरच्या पायांमधून कप गेलाच नव्हता

परवा शाळेच्या सामन्यात माझ्या भाच्याच्या हातून झेल सुटला. वय वर्षं तेरा. संध्याकाळी घरच्या ग्रुपवर एका काकांनी फॉरवर्ड टाकला, वर 'वाच बाळा' आणि हात जोडलेली इमोजी. मजकूर साधारण असा: बिल बकनर हा एक सामान्य अमेरिकन बेसबॉल खेळाडू. १९८६ चा वर्ल्ड कप त्याच्या संघाच्या हातात होता. शेवटचा सोपा चेंडू आला, याचं लक्ष नव्हतं, चेंडू दोन पायांमधून गेला आणि कपही गेला. शहराने त्याला मरेपर्यंत माफ केलं नाही. एक चूक आयुष्य संपवते.

पोरगा जेवला नाही. एरवी काकांच्या फॉरवर्डला उलट उत्तर द्यायची आमच्याकडे पद्धत नाही, पण आज देतोय.

आधी मोठी थाप, म्हणजे 'त्या चेंडूवर कप गेला'. त्या सामन्याचा चेंडूगणिक तपशील कुणालाही पाहता येतो, व्हिडिओही आहे. मी दोन्ही शेजारी ठेवून बसलो. २५ ऑक्टोबर १९८६, न्यूयॉर्कचं शे स्टेडियम. वर्ल्ड कप नव्हे, वर्ल्ड सिरीज. दोन अमेरिकी क्लब, चार सामने जिंकेल तो विजेता. बकनरचा संघ बॉस्टन रेड सॉक्स ३-२ ने पुढे आणि हा सहावा सामना. ठरलेल्या नऊ डावांनंतर ३-३ बरोबरी. दहाव्या डावात बॉस्टनने दोन धावा काढल्या, ५-३. समोरच्या न्यूयॉर्क मेट्सचे दोघे बाद, बेसवर कोणी नाही (तिन्ही बेस ओलांडून 'घरी', म्हणजे फलंदाजाच्या जागी परतलं की एक धाव). तिसरा बाद झाला की खेळ खलास. मैदानावरच्या फलकाने तर बॉस्टनचं अभिनंदनही करून टाकलं.

मग गॅरी कार्टरचा फटका, केव्हिन मिचेलचा फटका, रे नाइटचा फटका. ५-४. बॉस्टनने पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा बदलला, बॉब स्टॅनली आला. त्याचा एक चेंडू इतका भरकटला की कॅचरला आवरला नाही, आणि तिसऱ्या बेसवरचा मिचेल घरी पळाला. आपल्याकडे वाइड चेंडू कीपरला चुकवून जातो आणि धाव मिळते, तसंच. ५-५.

काका, इथे जरा थांबा. बरोबरी झाली आहे आणि चेंडू अजून बकनरकडे गेलेलाच नाही.

त्यानंतर मेट्सच्या मूकी विल्सनने मारलेला चेंडू घरंगळत पहिल्या बेसकडे आला आणि तिथे क्षेत्ररक्षण करणाऱ्या बकनरच्या पायांमधून गेला. दुसऱ्या बेसवरून नाइट घरी, ६-५. बकनरने तो अडवून विल्सनला बाद केलं असतं, तर बॉस्टन जिंकलं नसतं, अकरावा डाव सुरू झाला असता. बरं, यानेही मालिका फक्त ३-३ झाली. सातवा सामना २७ ऑक्टोबरला झाला. त्यात बॉस्टन ३-० ने पुढे होतं आणि ८-५ ने हरलं. त्या सामन्यात बकनरचे दोन फटके आणि एक धाव आहे. कप गेला तो या रात्री, आणि तो घालवायला अख्खा संघ लागला.

'सामान्य खेळाडू' म्हणे. कारकिर्दीत २,७१५ हिट्स, म्हणजे यशस्वी फटके. जो डिमॅजिओ आणि टेड विल्यम्स या बेसबॉलच्या दिग्गजांपेक्षाही जास्त. १९८० मध्ये अमेरिकेतल्या दोन मुख्य लीगपैकी एक असलेल्या नॅशनल लीगमधला सर्वोत्तम फलंदाजी सरासरीचा मान. सामान्य कोण, ते असो.

'लक्ष नव्हतं' हे कुणी ठरवलं? घोटे इतके खराब होते की तो उंच बुटांत खेळायचा. म्हणूनच शेवटच्या डावांत त्याच्या जागी राखीव खेळाडू डेव्ह स्टेपलटनला उतरवायची संघाचे मॅनेजर जॉन मॅकनमारा यांची पद्धत होती. या मालिकेत बॉस्टनने जिंकलेल्या तिन्ही सामन्यांत ते झालं. सहाव्यात नाही झालं. हा निर्णय बकनरचा नव्हता.

आता 'माफ केलं नाही'. यात अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. चूक त्याचीच होती, अधिकृत नोंदीतही त्याच्याच नावावर आहे. लोकांनी वर्षानुवर्षं छळलं, टोमणे मारले, शेवटी तो कुटुंब घेऊन आयडाहोला निघून गेला. पण फॉरवर्ड इथेच आटोपतं. ८ एप्रिल २००८ ला बॉस्टनच्याच फेनवे पार्कवर हंगामाच्या घरच्या पहिल्या सामन्याचा मानाचा पहिला चेंडू त्यानेच टाकला. समोर झेलायला त्याचा जुना सहकारी ड्वाइट एव्हन्स. अख्खं मैदान उभं राहून टाळ्या वाजवत होतं आणि हा डोळे पुसत होता. त्याचं निधन २०१९ मध्ये झालं. तोवर अकरा वर्षं होती, काका.

काल रात्री भाच्याला तो दहावा डाव दाखवला. बकनरचा चेंडू त्याने चार वेळा मागे नेऊन पाहिला. मग म्हणाला, "मामा, पण पिचर पहिल्या बेसवर वेळेत पोचला असता का? नाहीतर अडवूनही काय उपयोग?" बकनरने फेकलेला चेंडू विल्सनच्या आधी बेसवर घ्यायला पिचरला धावत यावं लागलं असतं, यावर बॉस्टनवाले आजही भांडतात. आम्हीही अर्धा तास भांडलो, तेवढ्यात त्याने दोन पोळ्या खाल्ल्या.