सुडो पिप मारा आणि निवांत झोपा

सर्वरवर पायथॉनचं एखादं पॅकेज हवंय? मग आधी एपीटीत, म्हणजे उबुंटू-डेबियनसारख्या लिनक्सच्या स्वतःच्या पॅकेज-कोठारात, आहे का बघा, नसेल तर व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे त्या ॲपपुरता वेगळा कप्पा, काढा, त्यात पिप, म्हणजे पायथॉनची पॅकेजेस उतरवणारं टूल, चालवा, असं सांगणारा एक जण तुमच्याही टीममध्ये असेलच. त्याचं ऐकू नका. एवढं सोवळंओवळं पाळायला सर्वर काय देवघर आहे?

सरळ सुडो पिप इन्स्टॉल मारा, म्हणजे ॲडमिनच्या अधिकारात थेट अख्ख्या सिस्टमवर. उबुंटू 22.04 चं एपीटी तुम्हाला क्रिप्टोग्राफी (एन्क्रिप्शनचं पायथॉन पॅकेज) देणार ते 3.4.8, म्हणजे 2021 चं. आता कुणीतरी बिचारा बसून सिक्युरिटीच्या दुरुस्त्या त्या जुन्या व्हर्जनवरच ठिगळं लावल्यासारख्या बसवत असतो, बाकी काही हलू नये म्हणून, ते ठीक आहे हो, पण शिळं ते शिळंच. पिपकडे कसं सगळं गरमागरम.

फक्त एक सांभाळा. पिप जाताजाता एक ओळ छापतो, की यूएसआर-लिब या एपीटीच्या फोल्डरमधलं जुनं मी काढत नाहीये, ते माझ्या हद्दीबाहेरचं आहे. ती ओळ वाचायची नाही. वाचली तर प्रश्न पडतील, की नवीन प्रत यूएसआर-लोकलमध्ये गेली, एपीटीवाली जागच्या जागी राहिली, आणि पायथॉन तर आधी लोकलमध्येच बघतो, मग एका घरात दोन चुली झाल्या की! असले विचार आले की क्लिअर मारायचं आणि चहाला जायचं.

आमच्याकडे असंच केलेलं. कुणाला तरी नवं क्रिप्टोग्राफी हवं होतं, टाकलं, ॲप पळालं, सगळे खूश. त्याच मशिनवर एपीटीतून आलेला सर्टबॉट होता, वेबसाइटचं एचटीटीपीएस सर्टिफिकेट आपोआप रिन्यू करणारा, त्याच्या ताटात आता पायओपनएसएसएल (क्रिप्टोग्राफीवर चालणारं दुसरं पॅकेज) एपीटीचं जुनं आणि क्रिप्टोग्राफी पिपचं नवंकोरं, आणि या दोघांचं एका फ्लॅगवरून बिनसलं. 'एक्स 509 व्ही फ्लॅग सीबी इश्युअर चेक' नावाचं काहीतरी नव्या क्रिप्टोग्राफीत सापडत नाही म्हणे. सर्टिफिकेट 90 दिवसांचं, शेवटचे 30 दिवस उरले की रिन्यूअल सुरू होतं, म्हणजे सर्टबॉट निदान महिनाभर दिवसातून दोनदा लॉगमध्ये बोंबलत होता. पण लॉग वाचतो कोण? शेवटी सर्टिफिकेट संपलं, तेव्हा रात्री साडेअकराला क्लायंटने फोन करून वाचायला लावला.

नवीन मशिनवर हे एवढं सोपं राहिलेलं नाही. 2023 मध्ये डेबियन 12 आलं तेव्हापासून पिप दारातच अडवतो, की हे घर दुसऱ्याच्या (म्हणजे एपीटीच्या) ताब्यात आहे, इथे हात लावू नका. घाबरू नका, त्यावरही उतारा आहे, आणि तो पिप स्वतःच सांगतो: 'ब्रेक सिस्टम पॅकेजेस' नावाचा फ्लॅग. नावात इतका प्रामाणिकपणा हल्ली माणसांतही सापडत नाही. लोक तो कॉपी करून डॉकरफाइलमध्ये, स्क्रिप्टमध्ये, सगळीकडे चिकटवतात, तुम्हीही चिकटवा.

आणि हात शिवशिवत असतील तर यूएसआर-बिनमधली पायथॉन-3 ची लिंकच नव्या व्हर्जनकडे वळवा ना. सेंटओएस 7 या लिनक्सच्या काळात लोकांनी पायथॉनची लिंक 3 कडे वळवून अख्खं यम, म्हणजे तिथलं एपीटी, झोपवलं होतं, कारण यम स्वतःच पायथॉन 2 मध्ये लिहिलेलं. परंपरा आहे ही.

आमच्या सर्वरचं काय झालं विचाराल तर सुटला प्रश्न. सुडो पिपनेच पायओपनएसएसएल पण अपग्रेड केलं, सर्टबॉट लगेच चालू. फक्त त्या मशिनवर एपीटी अपग्रेड करायचं म्हटलं की सगळे आधी एकमेकांकडे बघतात, आणि मग कुणीतरी म्हणतं, सोमवारी बघू.